लाभ

त्या गेमला सध्या तीन पूर्णांक चार आहेत.
त्यात एक तारा माझा आहे.

तेव्हा मी लातुरात, ट्यूशन एरियात,
चौथ्या मजल्यावर राहायचो.
खोलीत रेणापूरचा व्यंकट बिडवे
आणि उदगीरचा मुदस्सिर, ज्याचा मोबाईल सगळ्यांत भारी.
खिडकीला लागून होर्डिंग होतं:
पोरापोरींचे चेहरे, चेहऱ्याखाली आकडा.
चेहरे दर जूनला बदलायचे,
आकडे साधारण तेच.

सराव परीक्षेत मला सातशेवीसपैकी दोनशे बारा पडले
त्या रात्री मी 'बारव' उतरवून घेतला.
बंदूक नाही, गाडी नाही, वेळेचं बंधन नाही.
नुसतं उतरायचं,
एकेक दगडी पायरी, खाली अंधार.
अकराव्या पायरीवर मी थांबलो आणि लिहिलं,
'काहीच होत नाही. फालतू. पैसे वाया.'
गेम फुकट होता.

मुदस्सिर पडल्या पडल्या बाकीच्यांचं मोठ्यानं वाचत होता.
एकानं पाच दिलेले: 'डाउनलोड होतोय, बघून सांगतो.'
एकानं एक: 'मोबाईल तापतो.'
एकीनं चार, 'पाचच देणार होते, पण मधेच लाईट गेली.'
आणि कुणीतरी तीन देऊन
चौदाव्या पायरीवर आवाज कसा बदलतो
यावर एवढं लांबलचक लिहिलं होतं
की मुदस्सिर म्हणाला, 'जाऊ दे, हे कोण वाचतंय.'

व्यंकट म्हणाला, 'सरासरीचं काय सांगतोस,
मेसचा भात सोमवारी कच्चा, मंगळवारी करपलेला.
सरासरी काढ. एक नंबर शिजलाय.'
आम्ही हसलो. लाईट बंद केली.
होर्डिंगचा उजेड तेवढा रात्रभर आत यायचा.

माझे वडील आडतीत मापाडी.
त्यांनी कधी कुठला गेम खेळला नाही,
पण पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या तुरीवर
त्यांचा काडीचा विश्वास नाही.
खरेदीदार बंबी खुपसतो पोटात, खालचा माल काढतो,
एक दाणा दाढेखाली धरून कट्कन फोडतो,
मग बोलतो भाव.
तोही चुकतो. पण दात त्याचा स्वतःचा असतो,
आणि उद्या त्याच ओट्यावर त्याला परत यायचं असतं.

दीड वर्षानं, असंच काही शोधताना,
माझ्या ओळींखाली उत्तर दिसलं.
मी लिहिल्यावर तिसऱ्या दिवशी दिलेलं.
राजेश्वरी मंगरुळे, औसा.
'दादा, कुठल्या पायरीवर थांबलात?
चाळीसनंतर पाणी लागतं.'

एवढंच. राग नाही, विनवणी नाही.

मी परत उतरलो. या वेळी कानात हेडफोन घालून.
चौदावीवर आवाज खरंच बदलतो,
जसं कुणी वरून झाकण अर्धं ओढलंय.
एक्केचाळीसवर पाणी होतं.
पाण्याचं पुढं काय होतं ते मी सांगणार नाही.
तिशीच्या पायऱ्या मात्र उगाच लांबवल्यात,
तिथं कुणालाही कंटाळा येईल, हेही खरं.

तारा काढायला गेलो तर पासवर्ड आठवेना.
ते खातं कॅफेतल्या पोरानं काढून दिलेलं,
त्या जागी आता झेरॉक्सचं दुकान आहे.
नव्या नावानं पाच द्यावेत म्हटलं,
जुना एक आणि नवे पाच, झाले सरासरी तीन.
मला तर चार वाटतो.
आणि दोन खोट्यांमधून
एक खरं कसं निघणार?

आज वडिलांचा डबा घेऊन आडतीत गेलो.
काट्यावर पोती चढत होती
आणि ते मोजत होते, जसे कायम मोजतात:
'लाभ... दोन... तीन...'
मी विचारलं, 'तुम्ही एक का म्हणत नाही?'
'एक म्हणून कुणाच्या मालाची सुरुवात करायची नसते,'
म्हणाले, आणि डब्याचं झाकण उघडून बघितलं,
'भेंडीच का पुन्हा?'

तिथंच थप्पीला टेकून मी गेम उघडला,
वरच्या पायरीवर उभा राहिलो.
लाभ, म्हटलं. दोन.
तारे द्यायची पाच रिकामी घरं
खाली तशीच होती.
तीन.